नाममुद्रेचा मोह आणि आतली माणसे

मोटारीची निवड हा एके काळी वादाचा विषयच नव्हता. अँबॅसिडर किंवा पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झालेली फियाट, यांपैकी एकीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ही कोंडी फुटली. आज नांदेड-लातूरच्या शिक्षक-कक्षांतही कोणती नाममुद्रा श्रेष्ठ, यावर हिरिरीने वाद झडतात.

जाहिरातीतील मोटार बर्फाळ घाटातून धावते. घेणाऱ्याला मात्र मे महिन्याच्या उन्हात अहमदपूर-लोह्यावरून जायचे असते. तेथे सनरूफचे कौतुक किती करावे? वातानुकूलनाची साधी बटणे काढून टचस्क्रीन बसवला की चालकाची नजर रस्त्यावरून हटते. यास सौंदर्य म्हणावे काय?

ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ या योजनेत मोटारी आदळवून पाच ताऱ्यांपर्यंत सुरक्षेची श्रेणी दिली जाऊ लागली. परंतु ही चाचणी ऐच्छिक स्वरूपातच सुरू झाली. तेव्हा हप्त्यांवर मोटार घेणाऱ्या नोकरदाराने रंग आणि आसनांच्या आवरणाआधी तारे विचारावेत. शासनानेही ही श्रेणी, आणि चाचणी झाली नसल्यास तसा स्पष्ट उल्लेख, प्रत्येक जाहिरातीत छापणे सक्तीचे करावे. आतल्या सजावटीचे मोल आतल्या माणसांहून अधिक नसते.