पंखावर जरासं दव गोठलं, तरी विमान का थांबवतात?

थंडी वाढली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे फोटो फिरू लागतात: गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण. वरवंडला पहाटे गाडीच्या काचेवर दव साचलं, तर आपण फडकं फिरवतो आणि सोलापूर रस्त्याला लागतो. विमानाच्या पंखावर तेच दव गोठलं, तर ते काढल्याशिवाय उड्डाण करता येत नाही. परदेशात मुलांकडे गेलेले आई-वडील 'विमान धुतायत बघा' म्हणून जो व्हिडिओ पाठवतात, तो याचाच. पाणी नसतं ते, ग्लायकोल मिसळलेलं गरम द्रावण असतं.

अनेकांना वाटतं, बर्फाच्या वजनाचा प्रश्न असेल. तसं नाही. हवा पंखाच्या गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटून वाहते, म्हणून विमान उचललं जातं. हिमकणांमुळे पृष्ठभाग खरखरीत झाला की हवा लवकर सुटते. जाड्याभरड्या पॉलिश पेपरइतका थरही उचल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो, हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. त्यात धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा स्वच्छ पंखाचा हिशेब धरून बसवलेली असते. त्यामुळे इशारा वाजण्याआधीच विमान खाली येऊ शकतं.

१० मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या ड्रायडनला हेच घडलं. बर्फ पडत होता. विमानातलं सहायक इंजिन नादुरुस्त होतं आणि मुख्य इंजिनं बंद केली तर पुन्हा सुरू करायची सोय त्या विमानतळावर नव्हती. इंजिनं चालू असताना पंखावर फवारणी करायला कंपनीची मनाई होती. मग फवारणी झालीच नाही. उड्डाण होताच विमान झाडांत कोसळलं. ६९ पैकी २४ जण गेले. प्रवाशांत दोन वैमानिकही होते. पंखावरचा बर्फ दिसूनही कॅप्टनपर्यंत कुणी निरोप पोहोचवला नाही. त्यांना माहीत असेलच, असं सगळ्यांनी धरलं.

तेव्हा हिवाळ्यात श्रीनगरला असा वा शिकागोला, निघताना खिडकीतून पंख पांढरा दिसला तर केबिन क्रूला सांगा. फवारणी झाल्यावरही रांग लांबली, तर ती पुन्हा करावी लागते. द्रावणाचा असर ठरावीक मिनिटंच टिकतो.