स्कॅन नॉर्मल, पण मुलाचे काय?

कबड्डी खेळताना किंवा सायकलवरून पडून मुलाच्या डोक्याला मार लागला, की आपण टेंगूळ पाहतो. काही पालक सिटी स्कॅनचा आग्रह धरतात आणि अहवाल ‘नॉर्मल’ आला की निर्धास्त होतात. माझ्या मते फसगत होते ती इथेच.

हिसक्याने मेंदू कवटीच्या आत हलतो आणि त्याच्या कामात तात्पुरता बिघाड होतो. यालाच ‘कन्कशन’ म्हणतात. त्यासाठी मूल बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेले हाड दिसते. हा बिघाड दिसत नाही. तो लक्षणांवरून कळतो आणि लक्षणे कधी काही तासांनी, तर कधी एक-दोन दिवसांनी उमटतात.

म्हणून मी पालकांना एक साधी वही घालायला सांगतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेड वा आवाज सहन न होणे, चिडचिड, विसरणे, झोपेतील बदल, या प्रत्येकापुढे रोज ० ते ३ आकडा लिहावा. ० म्हणजे त्रास नाही, ३ म्हणजे खूप. ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तपासणी तक्त्यातही अशीच मोजणी असून ती मूल व पालक दोघांकडून वेगवेगळी घेतली जाते. हे योग्यच आहे. खेळ बंद होईल या भीतीने मूल दुखणे लपवते, तर आईला दिसणारी चिडचिड त्याला स्वतःला जाणवत नाही.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती द्यावी. टीव्ही, मोबाइल कमीत कमी. त्यानंतर मात्र अंथरुणाला खिळवून ठेवू नये. हलके चालणे, थोडा अभ्यास सुरू करावा. आकडे चढले तर एक पायरी खाली यावे. बहुतेक मुले महिनाभरात बरी होतात.

मात्र वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हातापायांत अशक्तपणा, नाका-कानातून पाणी वा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास वही बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. तान्ह्या मुलांना सांगता येत नाही. त्यांना लगेच डॉक्टरांना दाखवावे.

शाळांनाही माझे एक सांगणे आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदाच केला : कन्कशनची शंका आलेल्या मुलाला मैदानाबाहेर काढायचे आणि वैद्यकीय लेखी परवानगीशिवाय पुन्हा उतरवायचे नाही. आपल्या क्रीडाशिक्षकांना त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सामना पुढल्या वर्षीही होईल. त्या दिवशी मुलाला बसवावे आणि घरी चिठ्ठी पाठवावी, एवढे तरी प्रत्येक शाळेने करावे.