सागाची जाळी आणि फवारणीचा हट्ट

सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भातले सागवन भाजल्यासारखे तपकिरी दिसू लागते. पानातला हिरवा गर खाऊन शिरांची नुसती जाळी मागे ठेवणाऱ्या अळीचे हे काम. ते पाहून जंगल वाळले, आता औषध फवारा, अशी ओरड होते आणि अळीमुळे सागाची ४४ टक्के वाढ बुडते, हा आकडा तिच्या जोडीला येतो.

आकडा खरा आहे. पण तो या अळीचा नाही आणि या जंगलाचाही नाही. केरळ वन संशोधन संस्थेने तो नीलांबूरच्या ४ ते ८ वर्षांच्या लागवडीत काढला. तिथली अळी वेगळी. ती पावसाळ्याच्या तोंडावर कोवळी पालवीच फस्त करते, म्हणून लाकूड भरत नाही. तरीही झाड सहसा मरत नाही, पुन्हा फुटते. जाळी करणारी अळी वाढीचा हंगाम सरताना येते आणि लवकरच गळायची ती पाने खाते. एकीचा गुन्हा दुसरीच्या माथी मारून विष मागणे हा शुद्ध अडाणीपणा आहे.

पालवी खाणाऱ्या अळीवरही आकाशातून फवारणी साधत नाही. १९६५मध्ये केरळात कोन्नी येथे विमानातून एंड्रिन फवारून पाहिले गेले. मासे आणि पक्षी यांना अतिघातक असलेल्या या विषावर पुढे बंदी आली. अळीची अवस्था दोनेक आठवड्यांची. झाडे उघडी पडून यंत्रणा हलेपर्यंत अळ्या धाग्यावरून उतरून पाचोळ्यात कोष करतात. मग विष पडते ते अळीवर जगणाऱ्या परजीवी माश्यांवर आणि पाखरांच्या चाऱ्यावर.

सागवनातले असेच एक पाखरू म्हणजे वनपिंगळा हे छोटे घुबड. १८८४नंतर नामशेष मानलेला हा पक्षी १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्यात पुन्हा सापडला. सरडे, उंदीर, कीटक हे त्याचे अन्न आणि जुन्या झाडाची ढोली हे घर. सागवनावर फवारा मारणे म्हणजे त्याच्या ताटात विष कालवणे. ‘सफाई’च्या नावाखाली किडकी, पोकळ झाडे तोडली तर घरही जाते.

रोपवाटिका आणि कोवळी लागवड मात्र राखलीच पाहिजे. त्यासाठी पालवी खाणाऱ्या अळीला मारणारा तिचाच विषाणू केरळच्या त्याच संस्थेने वापरून दाखवला आहे. तो इतर जिवांना बाधत नाही. उद्रेक आधी लहान ठिपक्यांत सुरू होतो, तिथेच हा विषाणू फवारावा. नुसत्या सागाच्या रांगांऐवजी मिश्र लागवड करावी. नैसर्गिक सागवनात जाळी पडली म्हणून फवारणीला परवानगी देऊ नये.