वॉर्डातला जंतू आणि कंत्राटी सफाई कामगार

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या औषधांनाही दाद न देणारे २४ जंतू त्यांनी तपासले. त्यातील २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ने हा विषय जगापुढे मांडला, तेव्हा दिल्लीतले सत्ताधारी खवळले. कशावर? जनुकाला नवी दिल्लीचे नाव का दिले, यावर! रुग्णालयातल्या घाणीची मात्र कुणाला लाज वाटली नाही.

अँटिबायोटिकचा बेसुमार मारा झाला की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. वॉर्डात ते न धुतलेल्या हातांवरून, लघवीच्या नळीतून, सलाईनच्या सुईतून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. त्यांना रोखायला पाणी, साबण, हातमोजे आणि माणसे लागतात. पण ही माणसे कोण? ठेकेदाराने नेमलेले, बहुतांशी आपल्याच समाजातले सफाई कामगार. रक्ताने भरलेला बोळा तेच उचलतात. संसर्ग नियंत्रणाच्या बैठकीत मात्र त्यांना खुर्ची नसते.

आता तलासरीकडे पाहा. इथला वारली रुग्ण गंभीर झाला की त्याला सिल्वासा, वापी नाहीतर वलसाडची वाट धरावी लागते. कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी कल्चर तपासणी ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर सहसा होत नाही. मग डॉक्टर अंदाजाने भारी इंजेक्शन देतो. ते लागू पडले नाही तर त्याहून भारी. त्याच्या बिलापायी मजुराचे घर बसते. यात डॉक्टरला किती दोष द्यायचा? तपासणीचे साधनच त्याच्या हाती नाही.

कायदा नाही असे नव्हे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मधील औषधांच्या विक्रीची नोंद डॉक्टर व रुग्णाच्या नावासह स्वतंत्र वहीत ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. ती वही तपासायला अधिकारी किती वेळा येतो, हे तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले आहे की, वेळेवर उपचार हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असून पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही. त्याच आधारे पालघर जिल्ह्यासाठी कल्चर प्रयोगशाळा आणि सफाई कामगारांना कायम नेमणूक, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायला हव्यात.