शेल्टरला देण्याआधी

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ किंवा वडाळा-पाथर्डी रस्त्याला अधूनमधून गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं दिसतं. प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला कान टवकारतं, थोडं मागे धावतं, परत तिथेच येऊन बसतं. ते भटकं नाही, कुणीतरी आणून सोडलेलं आहे. घर बदललं, सोसायटीत कटकट झाली, की आपण पटकन म्हणतो, "शेल्टरला देऊन टाकू." देण्याआधी एकदा ती जागा बघून या, ही कळकळीची विनंती.

शेल्टर म्हणताना आपण वेगवेगळ्या जागांची गल्लत करतो. पिकात शिरलेली गुरं अडकवायची आणि मालकाने दंड भरून सोडवायची, तो कोंडवाडा. चुंचाळ्याचं पांजरपोळ मुख्यतः गुरांचं. मुंबईचं पांजरपोळ मात्र कुत्र्यांमुळे उभं राहिलं! १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी ते सुरू केलं. गावाला जाताना पैसे भरून कुत्रं ठेवतो, ते बोर्डिंग. आणि निर्बीजीकरण केंद्र म्हणजे कायमचा निवारा नव्हे. २०२३च्या नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रं पकडलं तिथेच परत सोडायचं असतं. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे २०२५चे आदेश वेगळे आहेत.

राहिलं खरं शेल्टर. तिथल्या जागा अपघातात सापडलेल्या, आजारी, आईविना राहिलेल्या जनावरांसाठी लागतात. तुमचं धडधाकट लॅब्राडॉर तिथे गेलं, की कमरेतून गेलेल्या एखाद्या जनावराची जागा जाते. शिवाय घरात वाढलेलं कुत्रं अनोळखी भुंकण्यात अन्न सोडून बसतं.

रस्त्यावर सोडणं तर गुन्हाच आहे, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार. सांभाळणं खरंच अशक्य असेल, तर आधी नात्यागोत्यात, मग ओळखीत, मग तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे विचारा. घाई करू नका, महिना-दोन महिने लागू द्या. घेणाऱ्याच्या घरी स्वतः जा, घरातली सगळी माणसं राजी आहेत ना ते विचारा. लसीकरणाचं कार्ड, रोजचं खाणं, त्याची अंथरायची चादर बरोबर द्या, आणि जमलं नाही तर परत आणा, असं त्यांना स्पष्ट सांगून ठेवा.