लिफ्ट कोणासाठी?

सक्करदरा भागातील अंगणाची जुनी घरे पाडून त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. त्याबद्दल हळहळण्याचा आज आमचा हेतू नाही. ज्या वृद्ध दांपत्याच्या वाट्याला चौथा मजला आला, त्याची ये-जा कशाच्या भरवशावर व्हावी, हा आमचा प्रश्न आहे.

लिफ्ट हे त्याचे उत्तर खरे. परंतु तिची निवड कशी होते? फरशीच्या रंगावर सभासद तास तास वाद घालतात. लिफ्टचा विषय मात्र सर्वांत स्वस्त दरपत्रकावर सही करून मिटवितात. आतील आरसा पाहिला जातो, आतील जागा कोणी मोजीत नाही. आपल्याकडे माणशी 68 किलो धरून लिफ्टची क्षमता ठरविण्याची रीत आहे. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे 408 किलोची. हा हिशेब बिनचूक आहे; परंतु एवढ्याशा पेटीत स्ट्रेचर आडवे ठेवता येत नाही. मग मध्यरात्री अत्यवस्थ झालेल्या रुग्णाला खुर्चीत बसवून जिन्याने उतरविण्याची पाळी येते. ज्या क्षणासाठी लिफ्ट हवी, नेमक्या त्याच क्षणी ती निरुपयोगी ठरते!

हीच गोष्ट इतर काटकसरींची. ओढायचे जाळीचे दार स्वस्त पडते. पण त्याच्या फटीत लहान मुलाचा हात सहज जातो. वीज गेल्यास पेटी जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी बॅटरीची योजना असते. ती खर्चाच्या नावाखाली वगळणे म्हणजे शेजाऱ्याला अंधारात कोंडून ठेवणे होय. मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढणाऱ्या नागपुरात गच्चीवरील यंत्रखोलीला वारा हवा, हे सांगावयास तज्ज्ञ कशाला पाहिजे?

1854 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस यांनी स्वतः उभे असलेल्या पाळण्याचा दोर सर्वांदेखत कापविला आणि पाळणा जागीच अडकला. तेव्हापासून लोकांचा या यंत्रावर विश्वास बसला. आपल्याकडेही 1939 पासून लिफ्टचा कायदा आहे. महाराष्ट्राने 2017 मध्ये नवा अधिनियम केला. परवान्याविना लिफ्ट चालविता येत नाही. परंतु कायदा परवाना देईल, विवेक देणार नाही.

म्हणून सभासदांस आमचे सांगणे एवढेच की, दरपत्रकावर सही करण्यापूर्वी पेटीची लांबी मोजा, दार पाहा आणि वार्षिक देखभालीचा करार वाचा. आज धडधाकट असणारे आपणही उद्या त्याच चौथ्या मजल्यावर म्हातारे होणार आहोत, याचा विसर पडू देऊ नका.