वारसाची नोंद आणि वकिलाची गरज

खातेदार शेतकरी निवर्तला म्हणजे तेरावा होतो, वर्षश्राद्ध होते, परंतु सातबाऱ्यावरील त्याचे नाव मात्र जागचे हलत नाही. कित्येक गावी आजोबांचे नाव नातवाच्या कारकीर्दीतही उताऱ्यावर नांदत असते. सन २०२५ मध्ये शासनास 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम राज्यभर हाती घ्यावे लागले, यावरून हा रोग किती जुनाट आहे ते कळून येईल. कारण विचारावे तर 'कोर्टकचेरी कोण करणार?' हे उत्तर ठरलेलेच. आमच्या मते येथे शेतकऱ्याची चूक दुहेरी होते. जेथे वकिलाची गरज नाही तेथे तो वकिलाच्या भयाने काम टाळतो. आणि जेथे गरज आहे तेथे चार पैसे वाचविण्याकरिता वकिलासच टाळतो.

साधी वारसनोंद हे कोर्टाचे काम नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ अन्वये, वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास खबर द्यावयाची असते. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे देणारा अर्ज दिल्यावर तलाठी फेरफार घालतो, संबंधितांस नोटीस जाते, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वारसांत एकमत असेल तर येथे वकिलास एक छदामही देण्याचे कारण नाही.

मात्र 'सर्व वारस' या शब्दांवर आमचा कटाक्ष आहे. हिंदु उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत पुरुषाची विधवा, माता, पुत्र व कन्या हे सारे पहिल्या वर्गाचे वारस होत. सन २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मिळकतीतही कन्येस पुत्राप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. असे असता बहिणींची नावे गाळून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लावणे, ही पुढील दाव्याची पेरणीच होय. फेरफार हा मालकीचा दस्त नव्हे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते.

आता मृत्युपत्राविषयी. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याबद्दल न्यायालयाने दिलेला दाखला. सन १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याने हिंदूंवर घातलेली प्रोबेटची सक्ती मुळात मुंबई शहरासारख्या मोजक्या हद्दींपुरतीच होती. खेड्यातील जिराईत-बागाईतास ती कधीच लागू नव्हती. म्हणून 'प्रोबेट आणल्याशिवाय नाव लागणार नाही' असे सांगून कोणी पैसे मागू लागल्यास वाचकांनी सावध असावे. परंतु सक्ती नाही म्हणजे पुरावाही नको, असे मात्र नाही. मृत्युपत्रावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि वाद न्यायालयात गेला तर त्यांपैकी हयात असलेल्या एकास तरी साक्षीस उभे करावे लागते. यास्तव साक्षीदार लाभार्थ्यांपैकी नसावेत, वयाने तरुण असावेत, आणि मृत्युपत्र शक्यतो नोंदवून ठेवावे. नोंदणी ऐच्छिक आहे, परंतु फार उपयोगाची आहे.

मग वकील केव्हा गाठावा? मृत्युपत्र लिहितेवेळी, वारसनोंदीवर हरकत आली असता, एखादा वारस अज्ञान असून त्याचा हिस्सा विकण्याचा प्रसंग आला असता, मृताच्या ठेवी व शेअर यांसाठी न्यायालयाचा वारस दाखला हवा असता, आणि कोणी आपला हिस्सा सोडीत असता. वाटणी सर्वांच्या संमतीने असेल तर संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे होऊ शकते. परंतु हक्काचाच प्रश्न उठला की दिवाणी न्यायालयाचा निकाल होईपर्यंत त्याचा हात थांबतो. अशा वेळी फिर्याद दाखल झाल्यावर नव्हे, तर पहिला कागद करण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. सल्ल्याची फी दाव्याच्या खर्चापुढे नगण्य असते. फी आधी ठरवून घ्यावी, दिलेल्या पैशाची पावती मागावी, मूळ दस्त स्वतःजवळ ठेवून नकला द्याव्या.

हक्कसोडपत्राबाबत आम्ही विशेष आग्रहाने लिहितो. भाऊबीजेस आलेल्या बहिणीपुढे कोरा कागद ठेवून सही घेण्याची चाल आम्हांस निंद्य वाटते. नोंदणीवाचून अशा कागदाने जमिनीचा हक्क सुटतही नाही. बहिणीस खरोखरच हिस्सा सोडावयाचा असेल तर तिने आपल्या पसंतीच्या वकिलास विचारून, दस्त वाचून, दुय्यम निबंधकापुढे सही करावी. अशा दस्ताने भावाची मालकी पक्की होते, आणि बहिणीच्या मनातही फसवणुकीचा सल राहत नाही.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, येत्या महिन्यात प्रत्येकाने आपला सातबारा व आठ-अ काढून त्यावरील नावे मोठ्याने वाचावी. त्यांत दिवंगताचे नाव असेल, किंवा हयात बहिणीचे नसेल, तर ती चूक घरात सलोखा आहे तोवरच दुरुस्त करून घ्यावी. भांडण माजल्यावर तेच काम न्यायालयात जाते, आणि तेथे वर्षे मोजावी लागतात.